ठिबकचं अनुदान: बोर्डावर ८० टक्के, माझ्या पदरात ४०

पैसे जमा झाल्याचा मेसेज आला तेव्हा मी मोसंबीच्या बागेत पोटरीभर पाण्यात उभी होते. सप्टेंबर २०२५ चा शेवटचा आठवडा. मराठवाड्यात त्या महिन्यात पावसाने आणि पुराने काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. आमच्या बागेत ठिबकच्या काळ्या नळ्या पाण्यावर सापासारख्या तरंगत होत्या आणि मी त्या वाहून जाऊ नयेत म्हणून झाडांच्या बुंध्यांना बांधत होते. मोबाईल दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला. उघडून बघितलं, ३१,५०२ रुपये जमा. ठिबक संचाचं अनुदान.

बांधावरून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, ओरडल्या, "कोणाचा गं फोन?"

म्हटलं, "फोन नाही. पाणी द्यायचे पैसे आले."

"आता उपसायचे कोण देतं ते बघ."

आमच्या बचत गटातल्या बाया तेव्हापासून विचारतात की ठिबकचा अर्ज करावा का, खरंच पैसे येतात का. मिक्सर घ्यायचा तरी आपण चार जणींना विचारून घेतो. मग इतक्या रकमेचं काम नुसत्या बोर्डावरची टक्केवारी वाचून का करायचं? म्हणून माझा हिशेब इथे मांडते. सगळ्यांचा असाच असेल असं नाही.

आधी माझं सांगते. जमीन चार एकर बारा गुंठे, जालना-संभाजीनगरच्या मोसंबी पट्ट्यात. त्यातली अडीच एकर बाग, झाडं ३२०, बाकीच्यात कापूस आणि सोयाबीन. पहिलं ठिबक ह्यांनी २०१४ ला टाकलं होतं. ते २०२१ मध्ये गेले. नळ्या त्याच्याही आधीपासून जायला लागल्या होत्या. उन्हाळ्यात पाण्यासाठी खारी कुरतडतात, पावसाळ्यात उंदीर. मी तीन वर्षं जॉईनर लावत बसले. शेवटी एका ओळीत नळी कमी आणि जॉईनर जास्त अशी गत झाली, तेव्हा नवीन संचाचा अर्ज केला.

योजना कागदावर चांगली आहे, त्यात वाद नाही. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेतून अल्प-अत्यल्प भूधारकाला, म्हणजे पाच एकरांच्या आतल्याला, ५५ टक्के मिळतात आणि त्यावरच्याला ४५. त्यात राज्य सरकार मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून २५ आणि ३० टक्के घालतं. असे मिळून आम्हाला ८० आणि मोठ्यांना ७५. पाच हेक्टरपर्यंत घेता येतं. त्याच जमिनीवर पुन्हा घ्यायचं तर सात वर्षं व्हावी लागतात. आमची दहा झाली होती.

अर्ज जून २०२४ मध्ये महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या योजनांच्या वेबसाईटवर, केला. फी २३ रुपये ६० पैसे. हा भाग मला मनापासून आवडला. पूर्वी अर्ज द्यायला ह्यांचे दोन दिवस आणि तालुक्याच्या दोन चकरा जायच्या, वर कोणाच्या तरी ओळखीने फाईल पुढे सरकायची. मी गावातल्या केंद्रावर अर्ध्या तासात मोकळी झाले आणि अर्ज कुठे आहे ते पुण्याहून पोराला मोबाईलवर दिसत होतं. तेव्हा सोडत निघायची. आता २०२५ पासून जो आधी अर्ज करील त्याचा नंबर आधी, असं केलंय. मला हेच बरं वाटतं. सोडतीत नंबर लागला नाही तर माणूस नशिबाला दोष देऊन गप्प बसतो, रांगेत निदान कितवे आहोत ते तरी विचारता येतं.

माझा नंबर नोव्हेंबरात लागला. खरं काम तिथून सुरू झालं.

सातबारावर मी मंगलबाई. आधारवर मंगल. बँकेच्या पासबुकावर मंगला, कारण खातं उघडताना समोरच्याने जे ऐकलं ते लिहिलं आणि मी बघितलं नाही. तीन कागद, तीन बाया. शिवाय जमीन वारसाने आलेली, म्हणून सातबारावर माझ्याबरोबर आत्याबाई, मुलगा, मुलगी. सामायिक खातं म्हटलं की बाकीच्यांचं संमतीपत्र लागतं. आमच्याकडे ते स्टॅम्पवरच मागितलं, आणि शंभराचा स्टॅम्प नेमका ऑक्टोबर २०२४ मध्ये पाचशेचा झालेला. मुलगी नाशिकला दिलेली. तिच्या सहीसाठी ती दिवाळीला आली असती तर बरं झालं असतं, पण नंबर दिवाळीनंतर लागला. मग जावई कागद घेऊन आले आणि जेवून गेले. तो खर्च मी हिशेबात धरलेला नाही.

विहिरीची नोंद सातबारावर आहे का, पंपाचं वीजबिल कोणाच्या नावावर, हेही बघतात. बिल अजून ह्यांच्याच नावावर येतं. माणूस गेला तरी बिल नाव सोडत नाही. आमचं त्यावर भागलं, पण ज्यांच्या घरात असं असेल त्यांनी आधीच बदलून घ्या.

आणि बँक. ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. अर्जात तुम्ही कोणतंही पासबुक लावा, सरकारी पैसे आधारला जे खातं शेवटी जोडलंय त्यातच जातात. माझं शेवटी जोडलेलं खातं म्हणजे २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणीसाठी घाईघाईत काढलेलं. त्याचं पासबुक कुठल्या डब्यात ठेवलंय तेही आठवत नव्हतं. केंद्रावरच्या पोराने तपासून सांगितलं, "काकू, तुमचं आधार इथं नाही, तिकडं जोडलंय." त्याने मागितले वीस, मी पन्नास दिले.

आता मला सगळ्यात जास्त जे खुपलं ते. पूर्वसंमती मिळाल्याशिवाय माल घ्यायचा नाही असा नियम आहे. आधी घेतला तर अनुदान नाही. नियम का आहे ते समजतं, नाहीतर लोक जुनी बिलं लावतील. पण आंबे बहार, म्हणजे जानेवारीत पाणी देऊन आणायचा फुलोरा, धरायचा तर झाडं आधी ताणावर सोडावी लागतात. पाणी तोडायचं, पानं मलूल होऊन थोडी गळू द्यायची, मग जानेवारीत आळी करून, खत टाकून ताण तोडायचा. पहिलं पाणी हलकं, दुसरं जरा जास्त. पाणी एकदम झालं तर नुसती पालवी फुटते आणि फुलं राहतात. ह्याच कामासाठी मला ठिबक हवं होतं. संक्रांत झाली, झाडं ताणाची पुरी झाली होती, आणि पूर्वसंमती नाही. रोज सकाळी आधी झाडं बघायची, मग मोबाईल. शेवटी वाट न बघता मोकळं पाणी सोडलं. दारं धरायला, म्हणजे आळ्या-आळ्यात पाणी वळवायला, दोन रात्री माणूस लावला, कारण आमच्या फिडरला त्या आठवड्यात रात्रीची लाईट होती. खालच्या अंगाच्या झाडांना पाणी जास्त झालं आणि त्या ४०-४५ झाडांवर त्या बहाराला फळ दिसेना, नुसती हिरवीगार उभी होती.

पूर्वसंमती आली २९ जानेवारीला.

आता पैशाचं. दुकानदाराने कोटेशन दिलं ६४,८०० चं. अडीच एकराला फिल्टर, मेन, सबमेन, पाण्यातून खत सोडायची व्हेंचुरी, गाळ काढायचा फ्लश व्हॉल्व आणि झाडाच्या दोन्ही बाजूंनी नळी. मी मनात गणित केलं, ऐंशी टक्के म्हणजे ५१ हजार येतील, आपले जातील तेरा. गटातही मी हेच सांगितलं होतं. पण ऐंशी टक्के बिलाचे मिळतच नाहीत. सरकारचा स्वतःचा मापदंड आहे. दोन ओळींत किती अंतर, क्षेत्र किती, त्यावरून ते खर्च ठरवतात आणि त्याचे ऐंशी टक्के देतात. कापसासारख्या जवळच्या ओळींना नळी जास्त लागते म्हणून तिथे रक्कम मोठी धरतात. फळबागेच्या ओळी लांब, म्हणून आमची छोटी. माझी झाडं १८ बाय १८ फुटांवर, तेवढ्याला त्यांनी चाळीस हजारांच्या आतच खर्च धरला. दुसऱ्या बाजूची नळी हा माझा शौक. मोसंबीच्या मोठ्या झाडाला एका नळीने भागत नाही हे बागेत जाणाऱ्या कोणालाही विचारा, पण तक्त्यात ते बसत नाही.

६४,८०० चे ३१,५०२. शेकडा साडेअठ्ठेचाळीस.

आणि तेही नंतर येतात. आधी सगळे पैसे मोजून द्यायचे, बिल ऑनलाईन चढवायचं, मोका तपासणी, म्हणजे शेतात येऊन बघणं, व्हायची, मग बघू. दुकानदार म्हणाला, "वहिनी, तुमच्या हिश्श्याचे तेवढे द्या, बाकीचं अनुदान आल्यावर बघू, फक्त बिल मी करतो तसं होऊ द्या." ते कसं असतं ते आम्हाला माहीत आहे. बिलात सगळं आयएसआय मार्काचं, आणि जमिनीत जे जाईल ते जाईल. ह्यांनी २०१४ ला तसंच केलं होतं आणि त्या नळ्या चौथ्या वर्षी उन्हाने तडकायला लागल्या. मी नाही म्हटलं. सोयाबीनचे होते ते घातले, ४० हजार गटातून उचलले. गटाचं व्याज महिन्याला शेकडा दोन. फेब्रुवारीअखेर ते सप्टेंबरअखेर सात महिने, म्हणजे ५,६०० रुपये. ते वजा करा. उरले २५,९०२. बरोबर चाळीस टक्के.

तपासणीचा दिवस मात्र चांगला गेला. कृषी सहायक मॅडम आल्या, आता त्यांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात. पंचविशीची पोरगी, स्कूटीवर, तोंडाला ओढणी. मला वाटलं बांधावरून फोटो काढून जाईल. तिने पाच ओळी टेप लावून मोजल्या. फिल्टरचं झाकण उघडायला लावून आतली चकती बघितली. नळीवरचा कंपनीचा छाप आणि मार्क वाचला. मग शेवटच्या ओळीची एंड कॅप काढ म्हणाली आणि मोटर चालू करायला लावली. पाणी जोरात आलं, तिची चप्पल भिजली, तरी तिथेच उभी राहून घड्याळ लावून एका ड्रीपरखाली डबी धरली. मला विचारलं, "व्हेंचुरी वापरता का नुसती लावलीय?" मी म्हटलं वापरते. म्हणाली, "वापरून दाखवा." दाखवलं. फिल्टरजवळ मला उभं करून जागेच्या नोंदीसकट फोटो काढला. चहा घेतला, साखर कमी सांगितली. पैसा मागितला नाही, कोणामार्फत मागवला नाही. आमच्या भागात हे सांगावं लागतं म्हणून सांगते.

मार्चमध्ये तपासणी झाली आणि पैसे सप्टेंबरात. मधले सहा महिने तालुक्याला विचारलं की एकच उत्तर, वरून निधी नाही. मध्येच १५ एप्रिलपासून शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. तो गावातल्या शिबिरात आधीच काढला होता म्हणून त्यात अडले नाही. ज्यांनी काढला नाही त्यांनी आजच काढा, आता त्याच्याशिवाय कुठलीच योजना हलत नाही. आणखी एक गंमत. माझ्या बिलात जीएसटी १२ टक्के लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ठिबकवर तो ५ टक्के झाला. म्हणजे माझे पैसे आले त्याच आठवड्यात माल स्वस्त झाला. आता घेणारीला हे तरी सुख.

ह्याच्या शेजारी पीएम-किसान ठेवून बघितलं की वेगळंच दिसतं. २०१९ पासून वर्षाला सहा हजार, दोन दोन हजारांचे तीन हप्ते. ऑक्टोबर २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी सहा. ह्यांच्यानंतर माझं नाव लागेपर्यंत वर्षभर काही आलं नाही, पण एकदा सुरू झाल्यावर चुकलं नाही. बिल नाही, तपासणी नाही, कोणी विचारत नाही कशाला वापरले. दोन्ही हप्ते एकदम आले तर चार हजार. डीएपीचं पोतं १,३५० चं, तीन पोत्यांचे ४,०५०. पन्नास रुपये पदरचे घातले की बागेचं खत येतं. मला दर वेळी वाटतं की कोणीतरी हे मुद्दाम पन्नासने कमी ठेवलंय. आणि नमो घेते म्हणून लाडक्या बहिणीचे मला १,५०० ऐवजी ५०० येतात. एका खिशातून घालायचे, दुसऱ्यातून काढायचे.

आत्याबाईंच्या नावावर वेगळी जमीन आहे, त्यांचाही हप्ता येतो. त्यांच्या केवायसीला मशीनवर बोट उठेना. सत्तर वर्षं खुरपं धरून बोटांवर रेषा राहिल्यात कुठे? मग मोबाईलवर चेहरा दाखवून करायचं निघालं. पोरगं म्हणालं, "आजी, डोळे मिटा-उघडा." आजी डोळे वटारून बघत राहिल्या. चौथ्या वेळेला झालं. घरी येताना म्हणाल्या, "दोन हजारासाठी सरकारला डोळा मारायला लावला ह्या पोरांनी."

एका योजनेत मात्र चूक माझीच. २०२३ च्या खरिपाच्या कापूस-सोयाबीनला हेक्टरी पाच हजार मिळाले, दोन हेक्टरपर्यंत. त्यासाठी त्या वर्षीची ई-पीक पाहणी, म्हणजे आपण मोबाईलवर केलेली पिकाची नोंद, बघितली. मी पाहणी केली होती, पण कापसाची. सोयाबीन मागून लावलं, त्याची नोंद उद्या करू म्हणून राहिली. पाहणी करायची ती बांधावर उभं राहूनच पूर्ण करा, घरी येऊन होत नाही.

आणि खरं विचाराल तर सगळ्यात बिनबोभाट अनुदान युरियाचं. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, बाकीचे सरकार कंपनीला परस्पर देतं. आपण फक्त मशीनवर अंगठा ठेवायचा. अर्ज नाही, सोडत नाही. त्यातही दुकानदार लिंकिंग करतात, युरिया हवा तर ही बाटली घ्या, ते पुडकं घ्या. त्या बाटल्या आमच्या कोठीत ओळीने उभ्या आहेत, कशाच्या आहेत ते मी अजून वाचलेलं नाही.

संच कसा आहे ते राहिलंच. चांगला आहे. पूर ओसरल्यावर फ्लश व्हॉल्व उघडून गाळ काढला, फिल्टर दोनदा धुतला, दहा-बारा ड्रीपर बदलले आणि चालू झाला. ह्या वर्षी ताण ठिबकवरच तोडणार. त्यासाठी म्हणाल तर मी पुन्हा अर्ज करीन. ३१ हजार ही माझ्यासाठी छोटी रक्कम नाही आणि ती कोणाचे पाय न धरता आली. पण ऐंशी टक्के हा शब्द माझ्यासमोर कोणी काढू नये.

माझ्या जावेचा दीड एकर आहे, बाग नवीन. गेल्या आठवड्यात पाटीवर बसून विचारत होती, करू का अर्ज. मी तिला सगळं सांगितलं. आधी नावं एक करून घे, बँक तपास, वीजबिल बदल, आणि पूर्ण बिलाचे पैसे बाजूला ठेवून मगच कर, निदान सात-आठ महिने ते परत येणार नाहीत असं धरून चाल.

ती म्हणाली, "अगं बाई, तेवढे बाजूला ठेवायला असते तर अर्ज कशाला केला असता?"

तरी केला तिने. तिच्याकडे सुटे नव्हते, तेवीस रुपये साठ पैसे मीच दिले.